भटिंड्याहून आलेली समुद्राची वार्ता

सन 2022 च्या आरंभी पंजाबातील भटिंडा येथून एक वार्ता प्रसिद्ध झाली. तेथील केंद्रीय विद्यापीठातील फेलिक्स बास्ट व पुष्पेंदू कुंडू या वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारताच्या किनाऱ्यावरील तांबड्या समुद्रशेवाळाच्या दोन अज्ञात जातींचे वर्णन करून त्यांस हिप्निया इंडिका आणि हिप्निया बुलाटा अशी नावे दिली. पहिली कन्याकुमारीस आणि गुजरातेत सोमनाथ पाटण व शिवराजपूर येथे मिळाली. अंगावर फोडांसारखे उंचवटे असलेली दुसरी कन्याकुमारीस व दीवला. ज्या गावी समुद्राचा वाराही पोहोचत नाही तेथील प्रयोगशाळेतून हे कार्य सिद्धीस जावे, ही गोष्ट सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या मला विशेष मोलाची वाटते. कारण समुद्रावरचे संशोधन हे किनाऱ्यावरच्या माणसांचेच काम, अशी आपली जी समजूत होऊन बसली आहे, तिला या एका वार्तेने बाध येतो.

शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीच्या पायऱ्यांवरचा हिरवा, निसरडा थर येतो. परंतु समुद्रात तांबड्या शेवाळांचे साम्राज्य फार विस्तीर्ण असून, भारताच्या किनाऱ्यांवरून 2001 पर्यंत नोंदल्या गेलेल्या 844 समुद्रशेवाळांपैकी 434 तांबडीच होती. त्यांच्या अंगी हरितद्रव्य असतेच, पण त्याच्या जोडीला फायकोएरिथ्रिन नावाचे एक तांबडे रंगद्रव्य असते. पाण्यात खोल शिरताना सूर्यप्रकाशातील तांबडा भाग वरच्या थरांतच शोषला जातो, आणि खाली जो निळा-हिरवा उजेड उरतो तो नेमका या रंगद्रव्याला टिपता येतो. म्हणूनच बहामा बेटांजवळ 268 मीटर खोलीवर, जेथे मनुष्यास अंधारच वाटावा, तेथेही एक तांबडे शेवाळ खडकाला धरून जगताना आढळले आहे. हिप्निया मात्र इतकी खोल जात नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर, गुंतलेल्या बारीक काटेरी फांद्यांच्या झुबक्याने ती वाढते.

नवी जाती सापडली म्हणजे कोणाच्या हाती अकस्मात एखादे रत्न लागले, असे नव्हे. गोळा केलेले शेवाळ ताटातील पाण्यावर तरंगत ठेवून कुंचल्याने त्याच्या फांद्या सोडवायच्या, खालून कागद सरकवून ते अलगद उचलायचे, वर मलमल घालून दाबाखाली वाळवायचे. त्याच्या अंगच्या चिकाने ते बहुधा आपोआप कागदाला धरते. मग पात्याने फांदीचा अतिशय पातळ आडवा छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मध्यभागी एक लहान अक्षपेशी, तिच्याभोवती मोठ्या, फिकट पेशींचे कडे आणि अगदी बाहेर रंगाने भरलेल्या बारीक पेशींची किनार दिसते. या पेशींची मांडणी, त्यांच्या भित्तींवरील जाड ठिपके, बीजाणूंच्या कोशातील आडवे पडदे असा सर्व तपशील मांडून, त्यासोबत आनुवंशिक द्रव्याच्या ठरावीक तुकड्यांची पूर्वज्ञात जातींशी शहानिशा करावी लागते. आणि शेवटी एक नमुना संग्रहालयात कायमचा दाखल करावा लागतो, ज्याचे महत्त्व जमिनीच्या खटल्यात मूळ दस्तऐवजाचे असते तेवढेच आहे.

ही शहानिशा आजवर पुरेशी झाली नव्हती. ट्रिएस्टच्या किनाऱ्यावरून 1791 मध्ये वर्णिलेल्या हिप्निया मस्किफॉर्मिसचे नाव पुढे जगभर दिसेल त्या सारख्या शेवाळाला लावले गेले, आणि बाह्यरूप लाटांच्या माऱ्याने व उन्हाने पालटत असल्यामुळे ही चूक डोळ्यांना कळणेही कठीण होते. आणि नाव चुकले तर त्याचे परिणाम कागदावरच राहत नाहीत. हिप्नियापासून कॅराजिनन मिळते. आइस्क्रीम व टूथपेस्ट यांना घट्टपणा देणाऱ्या या पदार्थाची प्रत जातीजातींत भिन्न असते, म्हणून लागवड कशाची करायची हे आधी निश्चित झाले पाहिजे. हवाई बेटांत 1974 मध्ये लागवडीच्या प्रयोगासाठी आणलेली मस्किफॉर्मिस पुढे सुटून किनारेच्या किनारे व्यापून बसली. कोणती जाती मूळची आणि कोणती परकी याचा निवाडा दफ्तरी अचूक नोंद असल्यावाचून करणार कसा?

आपल्या किनाऱ्याकडे असे लक्ष पूर्वी लागले नव्हते असे नाही. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्गेसेन 1927-28 च्या हिवाळ्यात भारतात आले आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील तांबड्या शेवाळांवरचे त्यांचे लेख 1931 पासून क्यू बुलेटिन या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाले. आजही अभ्यासकास तेथूनच आरंभ करावा लागतो. परंतु ती ओळख साधनांच्या मर्यादेत झालेली, डोळ्यांनी आणि भिंगाने केलेली होती, आणि तिची फेरतपासणी होणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

भटिंड्याच्या या जाती मिळाल्याची जी स्थळे प्रसिद्ध झाली ती नकाशावर पाहिली तर दीव आणि कन्याकुमारी यांच्यामध्ये आपला सबंध कोकण पसरलेला आहे, आणि त्यातील एकही गाव त्या यादीत नाही. रत्नागिरी-मालवणच्या कातळांवर त्या असतील किंवा त्यांच्याहूनही निराळे काही असेल. त्यासाठी पावसाळा सरल्यानंतरच्या अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोट्या साधून नमुने आणावे लागतील. पुढचा छेद, तुलना आणि नोंद यांचे काम सोलापूरच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही हाती घ्यावे. ते समुद्रकाठीच झाले पाहिजे असे काहीही नाही.