जीव भांड्यात पडतो तेव्हा

गुरुत्वाकर्षणाचा मोठा गुण असा की ते कोणाची श्रद्धा तपासत नाही. महाबळेश्वरची कृष्णा उताराच्या ओढीने वाई, माहुली करीत सांगलीस येते. माहुलीच्या संगमावर विसर्जित केलेली रक्षाही त्याच ओढीने खाली वाहते. आत्मा तेवढा वर जातो, अशी समजूत! न्यूटनचा नियम वस्तुमानापुरता. त्यामुळे वजनच नसलेल्या आत्म्याच्या ऊर्ध्वगतीस विज्ञानाची हरकत नाही; पुरावाही नाही. पिंडास कावळा शिवला की घरच्यांचा जीव मात्र भांड्यात पडतो. म्हणजे तोही पडतोच! त्या दिलाशाची थट्टा करण्याचे कारण नाही.

मिरजेस वैद्यक शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देहदानाचा संकल्प केला होता. मरणोत्तर उपयोगी पडण्याचा हा पडताळून पाहता येणारा मार्ग. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि शवविच्छेदनामुळे तो संकल्प अपुरा राहिला. साताऱ्यात धार्मिक विधींवाचून कन्येने अग्नी दिला. रक्षा शेतात विखुरली गेली. तीही खालीच पडली.

शंका घेणाऱ्यावर गुरुत्वाकर्षण गोळी झाडीत नाही. जिला शस्त्राचा आधार लागतो, त्या श्रद्धेलाच आपल्या वजनाची खात्री नसावी.