उत्तर बरोबर, पण पायऱ्या कुठे?

अमझेरा, धार, देवास इथल्या मराठी घरांतली मुलं इंजिनिअरिंगसाठी इंदूरची वाट धरतात, हे काही नवं नाही. 1952 साली कलाभवन म्हणून सुरू झालेल्या श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत, म्हणजे 'एसजीएसआयटीएस'मध्ये, शिकलेला एखादा काका किंवा मामा पुष्कळ घरांत सापडेल. त्यातला सिव्हिलचा असेल तर त्याला एकदा 'स्ट्रक्चरल अॅनालिसिस' या विषयाबद्दल विचारून पाहा. गणितं तो विसरला असेल, पण त्या विषयाचे नियम त्याला अजून आठवत असतील.

हल्ली हे नियम पहिल्याच तासाला छापील मिळतात. 2014 मध्ये भारत 'वॉशिंग्टन अॅकॉर्ड'चा पूर्ण सदस्य झाला. त्यानंतर मान्यतेच्या निमित्ताने, विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवं हे प्रत्येक विषयासाठी लिहून देण्याची पद्धत रुळली. त्या कागदावर साधारण ठरलेल्याच गोष्टी असतात: हजेरी 75 टक्के, दर आठवड्याला ट्यूटोरियल, सत्रात मधल्या चाचण्या, प्रोग्रॅम करता येणारा कॅलक्युलेटर चालणार नाही, प्रत्येक गणितात फ्री बॉडी आकृती हवी, एकके हवीत, पायऱ्या हव्यात, काम स्वतःचं हवं. मुलं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि विसरतात. पुढे चाचणीत उत्तर बरोबर येऊनही दहापैकी चारच गुण मिळाले की घरी फोन येतो: "सर फार खडूस आहेत."

सर खडूस असतीलही. पण हा नियम त्यांच्या स्वभावातून आलेला नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. 6 मीटर लांबीची तुळई आहे आणि तिच्यावर दर मीटरला 20 किलोन्यूटन भार आहे. दोन्ही टोकं नुसती टेकवलेली असतील तर मधोमध 90 किलोन्यूटन-मीटर इतका वाकवणारा जोर येतो. तीच टोकं पक्की जखडली तर मधोमध 30 उरतात आणि टोकांवर 60 येतात. तुळई तीच, भारही तोच. फरक फक्त टोकाबद्दल आपण काय गृहीत धरलं त्याचा. स्टॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक एका क्लिकचा असतो. चुकीचं क्लिक झालं तरी ते निमूटपणे सुबक रंगीत आकृती काढून देतं. एआयला विचारलं तर तो पायऱ्याही लिहून देईल, आणि चुकलेल्या पायऱ्या बरोबर असलेल्यांइतक्याच ठामपणे लिहील. त्यामुळे तपासणाऱ्याला नुसत्या 90 या आकड्याचा काही उपयोग नाही. टोक टेकलेलं धरलं की जखडलेलं, हे त्याला कागदावर दिसायला हवं. पुढे नोकरीतही तुमचा हिशेब दुसरा इंजिनिअर तपासणारच असतो.

आकृती ताणाच्या बाजूला काढा, असंही काही शिक्षक बजावतात. मुलांना हा नुसता काटेकोरपणा वाटतो. गॅलरीचं उदाहरण घ्या. भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीच्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळ्याही वरच हव्यात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली त्या दबून खाली गेल्या, तर बाहेरून गॅलरी अगदी ठणठणीत दिसते, पण नको तिथे कमकुवत झालेली असते. ताण कुठल्या बाजूला आहे हे ज्याच्या हाताला वहीतच सवयीचं झालं, त्याला साइटवर ते चटकन खटकतं.

आता जवळची, आणि सांगायला जड जाणारी गोष्ट. 30 मार्च 2023, रामनवमीचा दिवस. इंदूरच्या पटेलनगरमधल्या बेलेश्वर महादेव मंदिरात विहिरीवर घातलेला स्लॅब गर्दीच्या भाराने कोसळला आणि 36 माणसं गेली. आपल्यापैकी अनेकांची घरं तिथून फार लांब नाहीत. भारतीय मानक 875 मध्ये राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो, भार धरायला सांगितलाय. माणसं दाटीने उभी राहतील अशा सभागृहासाठी 5. 'इथे कोण उभं राहणार, आणि किती?' हा प्रश्न गणिताच्या पहिल्याच ओळीत येतो. ती ओळ लिहायला लावणारा नियम मला तरी जाचक वाटत नाही.

75 टक्के हजेरीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. मागच्या बाकावर मोबाइल पाहत भरलेली हजेरी कुणाच्या कामाची? व्याख्यान एकवेळ बुडालं तरी चालेल, ट्यूटोरियल बुडवू नका. हार्डी क्रॉस यांनी 1930 मध्ये मांडलेली मोमेंट डिस्ट्रिब्युशनची रीत तर नुसती वाचून येतच नाही. एकत्र कुटुंबातल्या खर्चाच्या वाटणीसारखी ती आहे: सांध्यावर आलेला जोर ज्याचा ताठरपणा जास्त त्याच्या वाट्याला जास्त, आणि ज्याला जितकं मिळालं त्याच्या निम्मं त्याच्या दुसऱ्या टोकाला. मग पुन्हा वाटणी, पुन्हा निम्मं, बाकी नगण्य होईपर्यंत. चार-पाच फेऱ्या स्वतःच्या हाताने केल्या की अंगात भिनते. मित्राच्या वहीतून उतरवली तर परीक्षेत दुसऱ्या फेरीलाच अडायला होतं. मित्राशी चर्चा जरूर करा. लिहिताना मात्र त्याची वही मिटलेली हवी.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण असते: शाळा हिंदीत, घर मराठीत, पेपर इंग्रजीत. जुन्नरकरांचं 'मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स' हातात घेतलं की निम्मा वेळ भाषेतच जातो. यावर उपाय म्हणजे गणित आधी मोठ्याने मराठीत सांगायचं, आजीला सांगितलं तरी चालेल, आणि मग इंग्रजीत लिहायचं.

सुट्टीत घरी आलात की धारहून मांडूला जा. हिंदोळा महालाच्या भिंती बाहेरच्या बाजूने उतरत्या का आहेत, याचं उत्तर तुमच्या वहीतच आहे. कमान नुसती खाली दाबत नाही, बाहेरही रेटते. तो रेटा घ्यायला भिंत खाली जाडजूड केली आहे. छत गेलं, कमानी उभ्या आहेत. तिथेच बसून एका भिंतीची फ्री बॉडी आकृती काढा: वरून कमानीचा तिरका रेटा, भिंतीचं वजन, पायाशी प्रतिक्रिया. रेटा आणि वजन यांची बेरीज पायाच्या रुंदीच्या आत पडते का, ते पाहा. पावसाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि डबा घरूनच न्या. दुपारी फार गर्दी होते.