किशोरवयातील अस्थिआरोग्याचे रक्तदर्शक

अस्थिआरोग्याचे रक्तदर्शक म्हणजे हाडांची घडण, झीज आणि खनिजीकरण यांची स्थिती अप्रत्यक्षपणे दाखवणारे रक्तातील घटक होत. कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज, परावटू ग्रंथीचे संप्रेरक (पॅराथॉर्मोन) व ड जीवनसत्त्व हे घटक नेहमीच्या तपासणीत मोजले जातात. ऑस्टिओकॅल्सिन, पी१एनपी व सीटीएक्स हे विशेष दर्शक प्रामुख्याने संशोधनात आणि निवडक आजारांत वापरले जातात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे वय किशोरवय मानते. या काळात हाडे लांबी, जाडी आणि घनता या तिन्ही अंगांनी वाढत असल्यामुळे बहुतेक दर्शकांची पातळी प्रौढांपेक्षा बरीच वेगळी असते. त्यामुळे प्रौढांच्या मापाने वाचलेला अहवाल निरोगी मुलाला आजारी ठरवू शकतो आणि आजारी मुलाला निरोगीही.

किशोरवयातील हाडांची वाढ

हाड ही सतत बदलणारी जिवंत ऊती आहे. अस्थिजनक पेशी (ऑस्टिओब्लास्ट) नवे हाड घडवतात, तर अस्थिभक्षक पेशी (ऑस्टिओक्लास्ट) जुने हाड विरघळवतात. प्रौढ वयात या दोन क्रिया एकाच जागी एकापाठोपाठ घडतात व त्यांचा साधारण समतोल राहतो. वाढत्या वयात यांत आणखी दोन क्रियांची भर पडते. लांब हाडांच्या टोकांजवळील वृद्धिपट्टात कूर्चेचे हाडात रूपांतर होऊन उंची वाढते. त्याच वेळी हाडाच्या बाहेरच्या बाजूस भर पडून आणि आतील बाजू कोरली जाऊन हाडाचा आकार बदलतो. रक्तात मोजलेला दर्शक या सर्व क्रियांची एकत्रित बेरीज दाखवतो.

कॅनडातील सस्कॅचेवान येथे १९९१ पासून मुलामुलींच्या हाडांतील खनिजसाठ्याचा दीर्घकालीन अभ्यास करण्यात आला. त्यात उंची वाढण्याचा सर्वाधिक वेग मुलींमध्ये सुमारे ११.८ व्या वर्षी आणि मुलांमध्ये सुमारे १३.४ व्या वर्षी आढळला. खनिज साठण्याचा सर्वाधिक वेग मात्र मुलींमध्ये १२.५ व्या आणि मुलांमध्ये १४.१ व्या वर्षाच्या आसपास दिसला. उच्चतम वेगाच्या दोन वर्षांत प्रौढ वयातील एकूण अस्थिखनिजापैकी सुमारे एक चतुर्थांश भाग जमा होतो. उंची आधी वाढते आणि खनिज मागाहून भरते, त्यामुळे मधल्या काळात हाड तात्पुरते नाजूक राहते. मनगटाजवळील अस्थिभंग या वयात अधिक आढळतात, त्याचे हे एक कारण मानले जाते.

पौगंडावस्थेतील संप्रेरके या वाढीचे नियमन करतात. वाढीचे संप्रेरक व लैंगिक संप्रेरके आरंभी वाढीला वेग देतात. पुढे इस्ट्रोजेनच्या प्रभावाने वृद्धिपट्ट बंद होतात आणि अस्थींची उलाढाल मंदावते. मुलांमध्येही हे कार्य मुख्यतः टेस्टोस्टेरोनपासून तयार होणारे इस्ट्रोजेनच करते.

इतिहास

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये वाढत्या प्राण्यांच्या हाडांत व हाडात रूपांतरित होणाऱ्या कूर्चेत फॉस्फेट मोकळे करणारे विकर असल्याचे दाखवले आणि अस्थींच्या खनिजीकरणाशी त्याचा संबंध जोडला. हेच विकर पुढे अल्कलाइन फॉस्फटेज या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४८ मध्ये कॅनडातील बालरोगतज्ज्ञ जॉन रॅथबन यांनी या विकराची पातळी अत्यंत कमी असलेल्या एका अर्भकाचे वर्णन केले व त्या आजाराला हायपोफॉस्फटेशिया हे नाव दिले. १९७० च्या दशकाच्या मध्यास ऑस्टिओकॅल्सिनचा शोध लागला. त्यानंतरच्या दशकांत कोलॅजेनच्या घडणीचे व विघटनाचे तुकडे रक्तात मोजण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

खनिज चयापचयाचे दर्शक

कॅल्शियम: रक्तातील एकूण कॅल्शियमची पातळी साधारणपणे दर डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील पातळी घसरू लागली, की हाडांतील साठा वापरून ती टिकवली जाते. म्हणून रक्तातील कॅल्शियम योग्य असणे म्हणजे हाडांना पुरेसे कॅल्शियम मिळत असणे नव्हे. रक्तातील जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांशी, मुख्यतः अल्ब्युमिनशी, बांधलेले असते. त्यामुळे अल्ब्युमिन कमी असल्यास एकूण कॅल्शियमही कमी दिसते.

फॉस्फेट: प्रौढांत फॉस्फेटची पातळी दर डेसिलिटरला सुमारे २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. वाढत्या मुलांत ती याहून जास्त असते आणि वाढ पूर्ण होत येईल तशी प्रौढ पातळीकडे उतरते. वाढीच्या वयात सातत्याने कमी फॉस्फेट आढळल्यास मूत्रावाटे त्याची हानी होत आहे काय, हे तपासले जाते.

ड जीवनसत्त्व: त्वचेत सूर्यप्रकाशामुळे तयार झालेले किंवा आहारातून मिळालेले ड जीवनसत्त्व यकृतात २५-हायड्रॉक्सी ड या रूपात येते. मूत्रपिंडात त्याचे सक्रिय रूप बनते. शरीरातील साठा जाणण्यासाठी २५-हायड्रॉक्सी रूपच मोजतात, कारण ते रक्तात दोन ते तीन आठवडे टिकते. सक्रिय रूप काही तासांतच नष्ट होते आणि प्रत्यक्ष कमतरता असतानाही त्याची पातळी सामान्य किंवा वाढलेली असू शकते. मुडदुसाविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार दर मिलिलिटरला १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी ही कमतरता, १२ ते २० ही अपुरी आणि २० पेक्षा अधिक ही पुरेशी मानली जाते.

परावटू संप्रेरक: कॅल्शियम कमी पडू लागताच हे संप्रेरक वाढते. ते हाडांतून कॅल्शियम मोकळे करते, मूत्रावाटे होणारी कॅल्शियमची हानी रोखते, मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप बनण्यास चालना देते आणि फॉस्फेट मूत्रावाटे बाहेर टाकते.

घडणीचे दर्शक

अल्कलाइन फॉस्फटेज: अस्थिजनक पेशींच्या आवरणावरील हे विकर पायरोफॉस्फेट या खनिजीकरण रोखणाऱ्या पदार्थाचे विघटन करते. ते यकृतातही असते. प्रौढांत रक्तातील एकूण विकरापैकी यकृताचा वाटा मोठा असतो, तर वाढत्या मुलांत बहुतांश भाग हाडांतून येतो. प्रौढांत त्याची पातळी दर लिटरला साधारण ४० ते १३० एकक असते. पौगंडावस्थेच्या ऐन भरात निरोगी मुलांमध्ये ती ४०० एककांच्याही वर जाऊ शकते. मुलींमध्ये ती लवकर वाढते आणि पहिल्या मासिक पाळीनंतर उतरू लागते. मुलांमध्ये ती उशिरा वाढते व सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत प्रौढ पातळीच्या जवळ येते. वाढलेल्या विकराचा उगम यकृतात आहे की हाडात, हे ठरवण्यासाठी गॅमा जीटी या यकृताच्या विकराची तपासणी उपयोगी पडते, कारण हाडांच्या वाढीमुळे गॅमा जीटी वाढत नाही.

पी१एनपी: हाडातील सेंद्रिय भागापैकी सुमारे ९० टक्के भाग टाइप १ कोलॅजेनचा असतो. या कोलॅजेनचे तंतू विणले जाताना मूळ रेणूच्या टोकाचा तुकडा कापला जातो व रक्तात येतो. तोच पी१एनपी होय. जेवणाचा किंवा दिवसाच्या वेळेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

ऑस्टिओकॅल्सिन: अस्थिजनक पेशींनी तयार केलेल्या या छोट्या प्रथिनाला पूर्णत्व येण्यासाठी के जीवनसत्त्वाची गरज असते. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्यास ते लवकर विघटित होते.

झिजेचे दर्शक

सीटीएक्स: अस्थिभक्षक पेशी हाड विरघळवतात तेव्हा टाइप १ कोलॅजेनचे तुकडे रक्तात येतात. त्यांतील सीटीएक्स हा तुकडा सर्वाधिक वापरला जातो. त्याची पातळी पहाटे सर्वाधिक असते आणि जेवणानंतर घटते. म्हणून सकाळी उपाशीपोटी नमुना घेणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास तो रक्तात साचतो.

ट्रॅप-५बी: हे अस्थिभक्षक पेशींतून स्रवणारे विकर आहे. त्याच्या पातळीवर जेवणाचा विशेष परिणाम होत नाही.

प्रौढांतील अस्थिविरळतेच्या अभ्यासासाठी पी१एनपी व सीटीएक्स यांना प्रमाणभूत दर्शक मानावे, अशी शिफारस दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०११ मध्ये केली. किशोरवयात मात्र हे दोन्ही दर्शक उंचीच्या वाढीबरोबर एकत्रच वाढतात. त्यामुळे झिजेचा दर्शक वाढलेला दिसला, तरी त्याचा अर्थ हाड कमी होत आहे असा होत नाही.

आजारांतील आकृतिबंध

एकाच दर्शकावरून निदान होत नाही. अनेक दर्शक एकत्र वाचल्यास पुढील आकृतिबंध दिसतात.

• ड जीवनसत्त्वाच्या किंवा कॅल्शियमच्या कमतरतेचा मुडदूस: परावटू संप्रेरक व अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आणि फॉस्फेट कमी असते. कॅल्शियम सुरुवातीस सामान्य राहते व शरीराची भरपाई अपुरी पडल्यावर घसरते. वृद्धिपट्ट बंद झाल्यानंतर हीच विकृती अस्थिमृदुता या रूपात दिसते.
• एक्स-संलग्न फॉस्फेट-न्यूनता: एफजीएफ-२३ या संप्रेरकाच्या अतिरेकामुळे फॉस्फेट मूत्रावाटे वाहून जाते. कॅल्शियम सामान्य, फॉस्फेट कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असते. केवळ ड जीवनसत्त्व देऊन हा आजार बरा होत नाही.
• हायपोफॉस्फटेशिया: अल्कलाइन फॉस्फटेज वयाच्या मानाने कमी असते. बारा वर्षांच्या मुलातील ६० एकक ही पातळी प्रौढांच्या कक्षेत बसते, पण त्या वयासाठी ती स्पष्टपणे कमी असते. प्रयोगशाळेने प्रौढांची कक्षा छापल्यास अशी नोंद नजरेतून सुटते.
• दीर्घकाळ कॉर्टिकोस्टेरॉइड उपचार: घडणीचे दर्शक घटतात.
• अल्पाहार व तीव्र कुपोषण: घडणीचे दर्शक घटतात व पौगंडावस्था लांबते. आहारविकारांत हे विशेषत्वाने दिसते.
• अस्थिभंग: हाड जुळून येत असताना घडणीचे व झिजेचे दर्शक कित्येक आठवडे ते महिने वाढलेले राहू शकतात.

नमुना व अर्थ लावणे

ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेल्या नळीत नमुना घेतल्यास कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही खोटे कमी दिसतात. हे द्रव्य कॅल्शियमला, तसेच विकराला आवश्यक असणाऱ्या जस्त व मॅग्नेशियमला बांधून ठेवते. दंडावरील पट्टा फार वेळ आवळून ठेवल्यास एकूण कॅल्शियम वाढलेले दिसते.

अहवाल वाचताना वय व लिंग यांबरोबर पौगंडावस्थेचा टप्पा विचारात घ्यावा लागतो. तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाची उंची झपाट्याने वाढत असते, तर दुसऱ्याची पौगंडावस्था सुरूही झालेली नसते. दोघांच्या अल्कलाइन फॉस्फटेजमध्ये मोठा फरक असूनही दोघेही निरोगी असू शकतात. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने एकाच मुलाची पुनर्तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करणे इष्ट ठरते.

मर्यादा

रक्तदर्शक अस्थींच्या उलाढालीचा वेग दाखवतात. हाडाची घनता, आकार किंवा बळकटी ते दाखवत नाहीत. शरीरातील कोणत्या हाडात बदल होत आहे, हेही त्यांवरून कळत नाही. घनता मोजण्यासाठी डेक्सा ही क्ष-किरण तपासणी वापरतात. मुलांमध्ये तिचा अर्थ वय, लिंग व उंची यांच्या संदर्भातच लावला जातो. बालवयात व किशोरवयात अस्थिविरळतेचे निदान केवळ घनतेच्या आकड्यावर करू नये आणि अस्थिभंगाचा इतिहास पाहावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. मार न लागता मणका दबणे ही त्यातील महत्त्वाची खूण होय.

भारतातील स्थिती

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलामुलींत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ५ ते ९ वयोगटात हे प्रमाण १८ टक्के आणि १ ते ४ वयोगटात १४ टक्के होते. भरपूर ऊन असलेल्या देशातील या कमतरतेमागे दिवसाचा बराच वेळ घरात व वर्गात जाणे, अंग झाकणारे कपडे, त्वचेतील अधिक रंगद्रव्य, हवेचे प्रदूषण आणि ड जीवनसत्त्व असलेल्या पदार्थांचा आहारातील अभाव ही कारणे सांगितली जातात.

कॅल्शियमचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये कॅल्शियमचे दैनंदिन प्रमाण १० ते १२ वर्षांसाठी ८५० मिलिग्रॅम, १३ ते १५ वर्षांसाठी १,००० मिलिग्रॅम आणि १६ ते १८ वर्षांसाठी १,०५० मिलिग्रॅम असे सुचवले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आहारातील कॅल्शियम दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ड जीवनसत्त्व पुरेसे असूनही मुडदुसाचा धोका वाढतो. म्हणून फक्त ड जीवनसत्त्वाची पातळी मोजून किंवा फक्त त्याच्या मात्रा देऊन हाडांची गरज भागत नाही.

भारतीय मुलांच्या वाढीचे व हाडांचे प्रमाणमान पाश्चात्त्य मुलांपेक्षा भिन्न असू शकते. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेने भारतीय मुलामुलींच्या वाढीवर व अस्थिआरोग्यावर संशोधन केले असून त्यांच्या अस्थिघनतेचे संदर्भतक्तेही प्रसिद्ध केले आहेत.