बुरूड राजाच्या कोटात निघाली खापरे

तुमच्या शिवारात एखादे जुने टेकाड असेलच. कुणी त्याला पांढर म्हणतात, कुणी कोट. आत खजिना पुरलाय आणि वर नाग राखण बसलाय, असेही म्हातारी माणसे सांगतात. अशा टेकाडात खरोखर काय सापडते, हे बघायचे तर पालघर जिल्ह्यात वसई तालुक्यातल्या सोपाऱ्याला चला.

तिथल्या टेकाडाला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. तो कोट नसून बौद्ध स्तूप आहे. पूज्य व्यक्तीच्या अस्थी किंवा वापरातली वस्तू मध्ये ठेवून वर विटा-मातीचा भरीव घुमट रचायचा, त्याला स्तूप म्हणतात. लोक बाहेरून प्रदक्षिणा घालतात.

सुपाचे गाव, सम्राटाचा दौरा

सोपारा म्हणजे जुने शूर्पारक बंदर. शूर्प म्हणजे सूप. परशुरामासाठी समुद्राने मागे सरून ही भूमी दिली, असे महाभारतात आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये इथेच मिळाला, तर नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. आठव्या लेखातली गोष्ट गावच्या अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या दौऱ्यावर निघत. अशोकाने ते सोडून धर्माचे दौरे सुरू केले. त्यात वृद्धांना मदत करायची आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून बोलायचे, अशी कामे होती.

पूर्ण व्यापाऱ्याची कथा

हा स्तूप पूर्ण नावाच्या भिक्षूशी जोडला जातो. कथेप्रमाणे पूर्ण हा सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. एका मोळीवाल्याच्या लाकडात त्याने मोलाचे चंदन ओळखले आणि त्यातून मोठा व्यापारी झाला. पुढे तो भिक्षू झाला आणि आपल्या मुलखात जायला निघाला. बुद्धांनी विचारले, ‘तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर?’ पूर्ण म्हणाला, ‘हात उचलला नाही, म्हणजे भलेच म्हणायचे.’ ‘आणि हात उचलला तर?’ ‘दगड मारला नाही, म्हणजे भलेच.’ गावात नवी गोष्ट सांगायला जाणाऱ्या प्रत्येकाने ही कथा गाठीशी बांधावी. आम्हा विस्ताराच्या माणसांना तर ती रोजच लागते! पुढे पूर्णाने चंदनाचा विहार बांधला आणि स्वतः बुद्ध तिथे आले, असे कथा सांगते.

डबीत डबी

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड शास्त्रशुद्ध खणले. मधोमध विटांच्या कप्प्यात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, भोवती बुद्धांच्या सात आणि मैत्रेयाची एक अशा आठ मूर्ती. करंड्यात चांदीची डबी, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची. सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे! ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णी राजाचे चांदीचे नाणेही मिळाले. नाणे दुसऱ्या शतकातले, मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे कित्येक पिढ्यांनंतरही इथली पूजा चालू होती. कोणती वस्तू कुठे, कशासोबत होती हे नीट टिपले म्हणूनच हे कळले. खजिन्याच्या लोभाने कुणी आधी टेकाड फोडले असते, तर सोने वितळवले गेले असते आणि खापरे उकिरड्यावर गेली असती.

आपण काय करावे?

पांढरीची माती शेताला चांगली, म्हणून गाड्या भरभरून नेण्याची रीत आहे. राख-शेणाने ती कसदार झालेली असते, हे खरे. पण तेवढे काम शेणखत आणि कंपोस्टही करते. खत दरवर्षी तयार होईल, टेकाड पुन्हा व्हायचे नाही.

नांगराला कोरीव दगड, जुन्या मोठ्या विटा, मूर्ती लागली, तर काम तिथेच थांबवा. तलाठ्याला आणि सरपंचांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन मिळाले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवले तर शिक्षा आहे. कळवणाऱ्याच्या वाट्याची सोयही त्याच कायद्यात आहे. सरपंच मंडळींनी मुरूम-मातीचा ठराव करण्याआधी टेकाडावर एकदा फिरून यावे, खापरे-विटा दिसतात का ते बघावे आणि दिसल्या तर तिथली माती उचलू देऊ नये.