सिंहगडाचें नांव आणि इतिहासाची साक्ष

दरवर्षीं ४ फेब्रुवारीचा दिवस जवळ आला कीं दूरचित्रवाणीवर व भ्रमणध्वनीवर एक हकीकत पुनःपुन्हां कानीं पडते. तानाजी मालुसरे धारातीर्थीं पडले, 'गड आला, पण सिंह गेला' असे उद्गार शिवाजी महाराजांनीं काढले, आणि त्या दिवसापासून कोंढाण्यास सिंहगड हें नांव पडलें, अशी ती हकीकत. सांगणारे विद्वान् दिसतात, वाणींत आवेश असतो, आणि आपण घरीं बसून मान डोलावितों. हें विधान कागदपत्रांच्या कसोटीस कितपत उतरतें, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. जून १६६५ मध्यें पुरंदरचा तह होऊन महाराजांस २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढें ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी आपल्या मावळ्यांसह कडा चढून वर गेले. किल्लेदार उदयभान व तानाजी हे दोघेही त्या लढाईंत पडले, आणि तानाजींचे बंधु सूर्याजी यांनीं लोकांस धीर देऊन गड काबीज केला.

आतां नांवाचा प्रश्न. महाराजांनीं मोरो त्रिमळ पेशवे व निळो सोनदेव मुजुमदार यांस ३ एप्रिल १६६३ रोजीं लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे. गडावर फितवा झाल्याचें कळल्यामुळें तेथें त्वरित जाण्याची आज्ञा त्यांत आहे, आणि त्या गडाचें नांव 'सिंहगड' असेंच लिहिलें आहे. म्हणजे तानाजींच्या मृत्यूपूर्वीं जवळजवळ सात वर्षें हें नांव चालू होतें. जें नांव १६६३ सालीं कागदावर आहे, तें १६७० सालच्या प्रसंगावरून पडणें शक्य नाहीं.

उद्गारांचीही अशीच गोष्ट आहे. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें बखर लिहिली. तींत महाराज एक गड मिळाला पण दुसरा गड गमावला, अशा अर्थाचें बोलतात. सिंहाचा उल्लेख तेथें नाहीं. घोरपडही नाहीं. मावळे आपल्याच चपळाईनें कडा चढतात. घोरपड येते ती शाहीर तुळसीदासाच्या पोवाड्यांत. आणि सिंहाचें वाक्य घरोघर पोंचण्यास हरि नारायण आपटे यांच्या त्याच नांवाच्या कादंबरीचा मोठा हातभार लागला.

यांत शाहिराचा किंवा कादंबरीकाराचा दोष नाहीं. श्रोत्यांच्या चित्तांत वीररस जागृत करणें हें त्यांचें काम, व तें त्यांनीं उत्तम केलें. दोष आहे तो कवीस साक्षीदाराच्या जागीं उभें करणाऱ्या भाष्यकाराचा. एक बोलतो, दहा जण तेंच पुढें सांगतात, आणि ऐकणारास वाटतें कीं दहा साक्षी मिळाल्या. वस्तुतः साक्ष एकही नसते.

म्हणून युद्धाची कोणतीही कथा ऐकतांना तीन प्रश्न विचारावे. हें प्रथम कोणीं लिहिलें? प्रसंगानंतर किती वर्षांनीं लिहिलें? आणि त्याहून जुना कागद काय सांगतो?

यानें तानाजींची थोरवी उणी होते काय? मुळींच नाहीं. काळोख्या रात्रीं तो कडा स्वतःच्या हातापायांच्या बळावर चढणें हें घोरपडीच्या आधारानें चढण्याहून कठीणच होय. शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष देऊं नये, अशी आज्ञा आम्हीं लहानपणापासून शिकलों. जे आतां आपली बाजू सांगण्यास येऊं शकत नाहींत, त्यांच्याविषयीं तर ती अधिकच पाळली पाहिजे.

पालकांस आमची विनंती अशी कीं, खंडाळ्याहून शिरवळमार्गे पुण्यास जातांना खेड-शिवापूरच्या सुमारास डावीकडे सिंहगड दिसूं लागला म्हणजे मुलांस तानाजींचा पोवाडा आनंदानें ऐकवावा, आणि त्याबरोबरच १६६३ च्या त्या पत्राचीही गोष्ट सांगावी.