मेंदीच्या झाडावरची विणकरीण

गेल्या सप्टेंबरात पाऊस उघडला आणि आमची धाकटी परसातून ओरडतच आली, "अम्मी, मेंदीवर केवढा मोठा कोळी बसलाय!" कोळी चावला की अंग सडते, असा एक व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला होता. दादी झाडू घेऊन निघाल्या. मी म्हटले, "अम्मा, जरा थांबा. आधी पाहू तरी, आहे कोण."

आम्ही हातभर अंतरावरून पाहिले. चाकासारखे गोल जाळे, मधोमध डोके खाली करून बसलेला कोळी. पोटावर पिवळे, पांढरे आणि तपकिरी आडवे पट्टे. आठ पाय, पण दोन-दोन जुळवून ठेवल्याने चारच वाटत होते. पायांच्या रेषेतच जाळ्यावर पांढरी नागमोडी नक्षी, फुलीसारखी. या खुणांवरून ओळख पटली: अर्जिओप अनासुजा. नक्षी सहीसारखी दिसते म्हणून इंग्रजीत याला 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात. थोरेल या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये याची नोंद केली.

ही मादी होती. नर तिच्या निम्म्याहूनही लहान असतो. ही नक्षी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोणी म्हणतात किडे ओढण्यासाठी, कोणी म्हणतात पक्ष्यांनी जाळे मोडू नये म्हणून. जाळ्याचे आडवे गोल धागे चिकट असतात, मधून निघणारे उभे धागे कोरडे. हलकी फुंकर मारली तर ती सारे जाळे गदागदा हलवते.

तिचे विष माणसाला घातक नाही. तरी हातात धरू नये. चावलीच तर जागा साबणाने धुवावी; सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवावे.

रात्री लातूरला बहिणीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, "आपा, हे तर आमच्या सोयाबीनच्या बांधावर ढिगाने असतात. फवारणीत सगळे मरतात." मी सांगितले, नाकतोडे, पतंग, माश्या हेच यांचे खाणे, कीटकनाशकाने किडीबरोबर किडीचा शिकारीही जातो. बांधावर तरी फवारू नका, असे ती आता घरधन्याला सांगणार आहे.

कुरआन शरीफात २९वी सूरह 'अल्-अन्कबूत', म्हणजे कोळी, या नावाची आहे, हे मुलीला ठाऊक होतेच. आता शाळेत जाण्याआधी ती मेंदीपाशी डोकावते. दादी रोज परस झाडतात. तेवढा कोपरा मात्र सोडून.