जहाजाचे टरफल

गेल्या वर्षी बी. ए. भाग दोनच्या चाचणीत मी एका इंग्रजी उताऱ्याचा मराठी अनुवाद विचारला होता. उतारा एका जुन्या जहाजाच्या दुरुस्तीचा होता आणि त्यात 'हल' हा शब्द चार वेळा आला होता. (नांगराचा हल नव्हे, इंग्रजी हल.) एका विद्यार्थिनीने चारही ठिकाणी लिहिले, 'जहाजाचे टरफल'. मी मनसोक्त हसलो, लाल रेघ ओढली, त्या वाक्यांना शून्य दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाचून दाखवले. नाव घेतले नाही, पण तिची मान खाली गेल्याने सगळ्यांना कळले.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, कोशात पहिला अर्थ तोच आहे," एवढेच म्हणाली. मी म्हणालो, "कोश बघताना डोकंही वापरायचं असतं."

पुढच्या आठवड्यात तिची आई भेटायला आली. माहेर बैलहोंगलकडचे, सासर मराठी. आपल्या भागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. बाई संकोचाने म्हणाल्या, "सर, आमच्या घरात दोन भाषा. त्यामुळं तिचं असं होतंय काय? मी तिच्याशी कन्नडात बोलायचं बंद करू काय?" मी घाईत होतो. "जरा कमी केलंत तर बरं," असे म्हणून मोकळा झालो.

घरी आल्यावर ते वाक्य मलाच टोचू लागले. एका आईला तिची भाषा कमी करायला सांगणारा मी कोण? आणि कशाच्या आधारावर? म्हणून आधी तो शब्दच नीट तपासायला घेतला.

'हल' हा मूळचा धान्याचा शब्द, जहाजाचा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'हुलु' म्हणजे दाण्यावरचे आवरण. झाकणे, लपवणे या अर्थाच्या ज्या धातूवरून तो आला, त्यावरूनच डोके झाकणारे 'हेल्मेट' आले. जहाजाला हा शब्द लागला सोळाव्या शतकाच्या मध्यास. कसा लागला याबद्दल दोन मते आहेत. पण अनेक कोशकार म्हणतात की मधोमध उकललेली वाटाण्याची शेंग आणि जहाजाचा पोकळ देह यांचे साम्य पाहून हे नाव पडले असावे. दाखले भक्कम आहेत. लॅटिनमध्ये 'कारिना' म्हणजे जहाजाचा तळकणा, आणि अक्रोडाचे अर्धे कवचही. फ्रेंचांचा 'कोक' हा शब्द अंड्याच्या कवचाला चालतो, अक्रोडाच्या कवचाला चालतो आणि जहाजालाही चालतो.

म्हणजे आमच्या विद्यार्थिनीने मराठीत चूक केली होती, पण तिच्या हातून उतरलेले चित्र चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दींचे होते. आणि माझे आदर्श उत्तर काय होते? 'जहाजाचा सांगाडा'. सांगाडा म्हणजे आतल्या बरगड्या. 'हल' म्हणजे त्यांच्यावर चढवलेले, पाणी बाहेर ठेवणारे अंग. काटेकोर तपासले तर मलाही पूर्ण गुण मिळाले नसते.

मग वाटले, जिथे हे दोन अर्थ एका शब्दात मावत नाहीत तिथे लोक काय करतात? मी तुर्की भाषा निवडली. त्याला कारण होते. त्याच महिन्यात आम्ही मुलांना घेऊन विजयपूरला, म्हणजे विजापूरला गेलो होतो. शेरजा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. ओतणारा कारागीर 'रुमी' म्हणवला जाई, म्हणजे तुर्कस्तानकडचा. 'तोफ' हा शब्दही तिकडूनच आलेला. तुर्कीत 'टोप' म्हणजे तोफ आणि 'टोप' म्हणजे चेंडूही. आपण तोफ घेतली, चेंडू तिथेच राहिला. शब्द उसना घेताना आपण त्याचा सगळा संसार घेत नाही, हे मुलांना तिथे बुरुजावर सांगताना मला गंमत वाटली होती.

तर तुर्की कोशात 'हल'समोर एक शब्द नाही, रांग आहे. जहाजाचे असेल तर 'ग्योव्दे', म्हणजे धड. झाडाच्या खोडालाही हाच शब्द. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला 'कारिना', इटालियन खलाशांकडून घेतलेला. त्या शब्दाच्या पोटात लॅटिन अक्रोड अजून आहे, पण तुर्की माणसाला तो दिसत नाही. आणि तिसरा शब्द 'तेक्ने'. तेक्ने म्हणजे होडी, जहाजाचा देह, आणि कणीक मळायची लाकडी काठवटसुद्धा!

इथे मी खुर्चीतून उठलो. कारण हे तर आपल्या घरातले आहे. संस्कृतात 'द्रोणी' म्हणजे लाकडी कुंड आणि होडी दोन्ही. कन्नडने 'दोणी' पाण्यात सोडली, ती आज नाव झाली. मराठीने 'डोण' विहिरीच्या काठावर ठेवली, गुरांच्या पाण्यासाठी. ज्या मुलीच्या आईच्या गावी दोणी आणि वडिलांच्या गावी डोण, तिला 'तेक्ने' समजावून सांगायला किती वेळ लागेल? एका भाषेच्या मुलाला तासभर लागेल.

धान्याकडे वळलो तर प्रकरण आणखी घरगुती झाले. तुर्कीत 'काबुक' हा सर्वसाधारण शब्द: अंड्याचे कवच, फळाची साल, झाडाची साल, पावाचा कडक पापुद्रा, आणि जखमेवर धरते ती खपलीसुद्धा. पण धान्याच्या दाण्याला चिकटून बसणाऱ्या आवरणाला वेगळा शब्द, 'कावुझ'. ते न सुटणाऱ्या गव्हाला ते 'कावुझलू' गहू म्हणतात, कावुझ असलेला. हा गहू कोणता? आपला खपली! झोडपल्यावरही टरफल सोडत नाही तो. खपली हा एमर जातीचा गहू. दहाएक हजार वर्षांपूर्वी माणसाने तो ज्या पट्ट्यात प्रथम पिकवला, त्यात आजच्या तुर्कस्तानचा आग्नेय भाग येतो. त्यांनी जखमेच्या खपलीला आणि कवचाला एक शब्द वापरला. आपण जखमेच्या खपलीचे नाव गव्हाला दिले. दोघांच्या डोळ्यांना दिसले एकच.

इंग्रजीची मात्र इथे फजिती होते. 'हल्ड' गहू म्हणजे टरफलासकट असणारा गहू, आणि 'हल्ड' तीळ म्हणजे टरफल काढलेले तीळ! एकच शब्द, उलटे अर्थ, आणि तरी त्या भाषेला कोणी कच्ची म्हणत नाही. तुर्कीत असा घोटाळा होत नाही. 'लू' लावले की आहे, 'सुझ' लावले की नाही. आपणही सालीची डाळ आणि बिनसालीची डाळ म्हणून मोकळे होतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात पाहा. शेंगा दोन्ही भाषांत शेंगाच. पण फोडल्या की मराठीत टरफल आणि कन्नडात सिप्पे. भाताचे तूस आणि कोंडा, तिकडे होट्टु आणि तौडु. नारळाची करवंटी, तिकडे चिप्पु. खपली ओलवून, उखळात सडून तिची खीर मराठी घरात होते. कन्नड घरात तोच जवे गोधी, आणि त्याची हुग्गी. आजकाल सडायचे काम गिरणीत होते, पण 'सडीक' शब्द टिकला आहे. ज्या घरात हे दोन्ही संच रोज वापरात आहेत, तिथल्या मुलाला 'एका शब्दाला एकच शब्द' ही कल्पना मुळात पटतच नाही. आम्ही मास्तर मंडळी ती शब्दार्थांच्या वह्यांतून त्यांच्या गळी उतरवतो. त्या मुलीची चूक घरातल्या दोन भाषांमुळे झाली नव्हती. कोशातला पहिला शब्द उचलायची सवय आम्ही लावली होती, म्हणून झाली.

चाचणीचे गुण केव्हाच वर गेले होते. तरी मी पेपर काढला आणि 'जहाजाचे टरफल'पुढे शून्य खोडून अर्धा गुण लिहिला. पूर्ण नाही, कारण मराठी वाचक ते वाचून अडखळणारच. 'जहाजाचे धड' तिथे बरे. वर्गातही सांगितले, कोणाचे चुकले होते ते. मुलगी हसली नाही, पण वहीत काहीतरी लिहून घेतले.

तिच्या आईंची भेट स्नेहसंमेलनात झाली. मी त्यांना बाजूला बोलावून म्हणालो, "बाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. कन्नड बंद करू नका."

"केलंच होतं की सर, आठ दिवस," त्या म्हणाल्या. "मग पोरगीच म्हणाली, अव्वा, तू मराठीत बोललीस की माझ्यावर रागावल्यासारखी वाटतीस."